नवमीचं माप

टक्… टक्… टक्…

फरशीवर जोडवी वाजतात तेव्हा असा आवाज होतो. सवाष्ण बाई घरात अनवाणी चालली की हा आवाज तिच्याबरोबर चालतो. आपण तो ऐकतो आणि विसरूनही जातो. पण एका दुपारी ऐकलेला तो आवाज मी विसरलो नाही. त्याला आता तीस वर्षं होतील.

माधवराव, तुम्ही लेकीची अंगठी दाखवायला आणलीत म्हणून हे सांगतो. दिव्याजवळ धरा बरं. हं… पुष्कराज म्हणून दिला ना तुम्हाला? हा सुनेला, पुष्कराजासारखा दिसणारा स्वस्त दगड. असे चेहरा पाडू नका, दगड वाईट नाही. बघा ना, वाळल्या गवतावर संध्याकाळचं ऊन पडावं तसा रंग. मी जन्मभर दगड हाताळले, पण जीव जडला तो यालाच. पुष्कराज जमिनीतून निघतो तोच श्रीमंत म्हणून. सुनेला बहुतेक वेळा जांभळा निघतो. मडक्यात राखेत पुरून दिवसभर मंद आचेवर ठेवला की पिवळा होतो. भाजून निघालेला आहे बिचारा. तो स्वतःला पुष्कराज म्हणवून घेत नाही, ते आपण म्हणवतो. आकाशातल्या गुरूला पिवळं काहीतरी दाखवायचं, की तो भुलणार आणि पोरीचं लग्न जमवून देणार! ज्याला दोन दगडांतला फरक कळत नाही त्याला गुरू कशाला म्हणायचं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

असो. मी शिकलेला माणूस नाही. आमचे आजोबा, वडील सरकारच्या पागेत होते. मीही तिथेच जायचा, पण घोड्यावरून पडलो, पाय अधू झाला, आणि बडोद्याच्या घडियाळी पोळाच्या गल्लीत नरोत्तमशेठच्या पेढीवर जडिया म्हणून बसलो. जडिया म्हणजे सोन्यात दगड बसवणारा. खाली मान घालून करायचं काम. मला बोलायला फार येत नाही, त्यामुळे ते मानवलं.

सरदार जगदेवरावांना तुम्ही पाहिलं असेल. उतारवयातही उजव्या हातात पांढरा हातमोजा घालून फिरायचे ते. ऐन वैशाखातही. लोक म्हणायचे, साहेबी चाल आहे. मी काही म्हणत नसे.

तर हे जगदेवराव एका सकाळी पेढीवर आले. भाद्रपद होता, गणपती बुडाले होते, पितृपंधरवडा लागला होता. त्या दिवसांत सोनं घडवायला कुणी येत नाही. आम्ही हत्यारांना तेल लावत बसलो होतो. त्यांनी बैठक रुमालानं झटकली, तरी बसले नाहीत. खिशातून एक अंगठी काढून गादीवर टाकली.

"ह्यातला पुष्कराज काढा. माझ्या शिरपेचात बसवायचा. दसऱ्याच्या सवारीआधी पाहिजे. आणि ह्यात तुमचा तो पिवळा… काय म्हणतात त्याला…"

"सुनेला, सरकार," शेठ म्हणाले.

"तो टाका. पोरीला द्यायची आहे."

मी अंगठी उचलली. कडं खालच्या बाजूनं कापलेलं होतं. जिवंत माणसाच्या बोटात अंगठी अडकली तर साबण लावतात, तूप लावतात, थोडं थांबतात. असं पकडीनं कापत नाहीत. कड्याच्या आतल्या बाजूला काहीतरी पिवळं सुकून बसलं होतं. नखानं खरवडलं. हळद होती.

सवाष्ण गेली की तिला हळद लावतात, मळवट भरतात. म्हणजे अंगठी त्याच्यानंतर कापली होती.

"सरकार, ही बाईसाहेबांची?" मी विचारलं.

"मग कुणाची? दीड वर्ष झालं तिला जाऊन. जाताना घोकत होती, माझा पुष्कराज कौशल्येला, माझा पुष्कराज कौशल्येला. आता ग्वाल्हेरचं स्थळ आलंय. जोशी म्हणतो, पोरीला गुरुबळ नाही, पुष्कराज घाला. घालतोच आहे की."

"पण सरकार, हा तर…"

"पिवळा आहे ना? झालं तर. पोरीला काय कळतं! आणि तू रे? दगड बसवणारा ना तू? मग दगडासारखा गप्प बस." मग शेठकडे वळून, "नवमीला दुपारी ह्याला पाठवा मापाला," म्हणाले आणि गेले. मागे अत्तराचा वास राहिला. 

"शेठ, पितृपक्षात मेलेल्या बाईची वस्तू मोडायची?"

"श्रीपतभाई, आपल्याला शुं? पाप एमनुं, त्यांचं. मेलेली बाई रागावली तर बघून घेऊ. जिवंत गिऱ्हाईक रागावलं तर दुकान बंध."

मी पुष्कराज काढला. गालाला लावून पाहिला; खरा पुष्कराज बराच वेळ गार राहतो. तो तसाच गार राहिला. मी तो कापसात गुंडाळून ठेवला. माझंही तोंड बंदच राहिलं, हे सांगितलं पाहिजे. जगदेवरावांना नावं ठेवणं सोपं आहे.

नवमीला दुपारी मी रावपुऱ्यात गेलो. पितृपक्षातली नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात, तिच्या नावानं सवाष्ण जेवायला घालतात. वाटेत घराघरातून खिरीचा वास येत होता, पत्र्यांवर पानं ठेवलेली, कावळे ओरडत होते. जगदेवरावांच्या बंगल्यावर एकही कावळा नव्हता. चुलीचा धूर नाही, काही नाही. बंगला नवा होता. चुन्याचा आणि तेलरंगाचा वास इतका की डोकं चढावं.

देवडीवरचा शिपाई पाणी पीत होता. "सरकार शिकारीला गेले आहेत," तो म्हणाला. "माप ना? वर माडीवर जा, पडद्यापाशी बस. मी आत्ताच पहाऱ्यावर आलोय. बोलावलंय म्हणजे असतील आत."

मी मनात म्हटलं, बायकोच्या श्राद्धाच्या दिवशी माणूस हरणं मारायला गेला आहे.

त्या घराण्यात गोषा होता. बायका परक्या पुरुषासमोर येत नसत. मधे जाड पडदा, तो जमिनीपासून वीतभर वर. आम्ही पितळी तबकात मापाच्या कड्या ठेवून तबक पडद्याखालून आत सरकवायचं. आत बाई एकेक कडी घालून बघणार, बसेल ती वेगळी करून तबक परत सरकवणार. दिसली तर बोटं दिसायची. तेवढीही आम्ही पाहत नसू.

माडीवर कोणी नव्हतं. खिडक्या बंद. दुपारचे दोन वाजले असतील, तरी आत दिवेलागणीसारखा उजेड. मी बसलो.

"ताईसाहेब… जडिया श्रीपत आलोय. माप घ्यायला."



थोड्या वेळानं आतून जोडवी वाजली. टक्… टक्… टक्… पडद्यापाशी येऊन थांबली. रंगाच्या वासाखालून दुसरा एक वास आला. ओल्या हळदीचा, आणि कापराचा.

त्या क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. कुंवार पोरीच्या पायात जोडवी कुठून येणार? पण कामावर असलेला माणूस बैलासारखा असतो, समोरचीच वाट बघतो. मी तबक आत सरकवलं. कड्यांशेजारी तो सुनेलाही ठेवला होता. पोरीनं रंग पाहून खूश व्हावं, ही शेठची युक्ती.

कड्या वाजल्या. एक… दुसरी… मग तबक बाहेर आलं. वेगळी केलेली कडी चांगली मोठी होती. भरल्या हाताच्या बाईची. मी चमकलो, म्हटलं पोर अंगानं थोराड असेल.

तबकावरचा हात मागे गेला नाही.

उजवा हात. बोटं मऊ पडलेली, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी. नखांत हळद. अंगठ्याशेजारच्या बोटावर खोल पांढरा वळ, वर्षानुवर्षं अंगठी घातल्यावर पडतो तसा. वळाच्या कडेला एक आडवा ओरखडा. कोरडा.

त्या बोटाच्या नखानं सुनेल्यावर टिचकी मारली. एकदा. पुन्हा एकदा. मग नखानंच तो दगड माझ्याकडे ढकलला आणि हात उताणा झाला. तळवा वर. आपली वस्तू परत मागावी तसा.

  "ताईसाहेब…" मी म्हणालो, "हाच तो. बाईसाहेबांचा पुष्कराज… हाच."

तळवा तसाच राहिला. मग एकेक बोट मिटत गेलं. हात पडद्याआड गेला. जोडवी वाजली नाहीत. मी उठेपर्यंत ती वाजली नाहीत.

पेढीवर येऊन कापलेल्या जागी टाका मारला आणि ती मोठी कडी लावून पाहिली. अंगठी नेमकी त्याच मापाची. एक केसही कमी-जास्त करावा लागला नाही. शेठ म्हणाले, "वाह, मेहनत बची!" मी सुनेल्याखाली डांक घातला. डांक म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, त्यानं दगड उजळ दिसतो. अंगठीची पाठ सोन्यानं बंद केली, म्हणजे खालचं काही दिसायला नको. खरं तर ग्रहाचा खडा पाठीनं उघडा ठेवतात, त्वचेला लागावा म्हणून. पण ह्या खड्यानं लागून तरी काय करायचं होतं?

पंधरवडा संपल्यावर अंगठी घेऊन गेलो. ह्या वेळी जगदेवराव कोचावर पसरले होते. मी पडद्याखालून तबक सरकवलं, आणि ज्या बोटांनी अंगठी उचलली ती बारीक, काळीसावळी, चौदा वर्षांच्या पोरीची बोटं होती. अंगठी बोटात फिरली, निसटली आणि तबकात पडली. टण्ण…

"ही कुणाच्या मापाची केली?" आतून आवाज आला. नम्र, पण स्पष्ट.

"ताईसाहेब, नवमीला आपणच माप दिलंत."

"नवमीला मी मांडवीला मामांकडे होते. इथे आईचं पान वाढणार नव्हते, म्हणून मामा घेऊन गेले. बायका सगळ्या माझ्याबरोबर होत्या. घरात कोणीच नव्हतं."

"मग तो हात…" माझ्या तोंडून निघालं. 

"हात पाहिलात तुम्ही?" आवाज आता खाली आला होता. "बोटावर… काही होतं?"

"वळ होता. आणि एक… ओरखडा."

 मग ती म्हणाली, "कापताना पकड लागली होती. मी तिथे होते. रक्त आलं नाही… अंगावरचं सगळं उतरवलं त्या दिवशी. पायातली जोडवी तेवढी राहिली. चांदीची होती म्हणून."

जगदेवराव हसले. पोट हलेपर्यंत हसले. "वा! मेलेली बाई माप द्यायला येते! जडियानं दुपारी अफू खाल्ली आणि पोरीनं ऐकून घेतलं. कौशल्ये, आत जा. आणि तू रे, दोन दिवसांत लहान करून आण. दगड आवडला ना पोरी?"

 थोड्या वेळानं अंगठीच तेवढी बाहेर सरकली. पडद्याच्या कडेशी वाकून ती इतक्या हळू बोलली की मलाच ऐकू गेलं.

"काका, हा आईचा नाही. आई तो माझ्या गालाला लावायची. मी तापले की. तो गार असायचा… मला लग्नाचं काही नको. तेवढा तरी मिळेल का?"

लहान पोर होती हो. ग्वाल्हेरला गेली की पुन्हा बडोदं कधी दिसणार होतं तिला? आणि मी मेलेल्या बाईच्या तोंडावर सांगून आलो होतो, हाच तुझा म्हणून. मला माझीच किळस आली.

त्या दोन दिवसांत मी आयुष्यातली एकुलती एक चोरी केली, तीही चोराच्या घरची. पुष्कराज अंगठीत बसवला, पाठ उघडी ठेवून. कडं लहान करताना सोन्याचा जो तुकडा निघाला तो पुडीत बांधला. आम्ही गिऱ्हाइकाचं सोनं ठेवून घेत नाही. आणि शिरपेचात बसवला सुनेला. खाली डांक घालून, असा उजळ की शेठचेही डोळे फसले. पुढे दसऱ्याच्या सवारीत जगदेवराव उजव्या हातात पांढरा हातमोजा घालून, मान ताठ करून गेले. दुतर्फा लोक म्हणत होते, काय पुष्कराज आहे! जाणकार म्हणवणारे म्हणत होते, तेज बघा, हे तेज खोट्यात येत नाही. मी गर्दीत उभा होतो. माणसं काय बघतात आणि कशाला मुजरे करतात, ते मी त्या दिवशी पोटभर पाहिलं.

पण ते नंतर. दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी दोन्ही वस्तू घेऊन गेलो. दुपारच होती. जगदेवराव जेवून शेजारच्या खोलीत झोपले होते. दार उघडं, घोरणं माडीभर ऐकू येत होतं. शिपायानं शिरपेच नेऊन त्यांच्या उशाशी ठेवला आणि तो खाली गेला.

मी पडद्यापाशी बसलो. तबक सरकवलं. दोन लहान हात आले, अंगठी घेऊन गेले.  ती गालाला लावत असणार.

"गार आहे…" ती म्हणाली. "काका, गार आहे."

"हळू, ताईसाहेब."

"मग शिरपेचात?"

"सुनेला."

ती हसली. दीड वर्षात त्या घरात ती पहिल्यांदा हसली असेल. तोंडावर हात दाबून, फुसकन्. मलाही हसू आलं. घोरणं चालू होतं.

मी पुडी सोडली. "हा उरलेला तुकडा, ताईसाहेब. कड्यातला. आपलाच आहे." तिचे दोन्ही हात पडद्याखाली आले. उजव्या हाताच्या बोटात अंगठी, नेमकी बसलेली.

आणि त्या दोन हातांच्या मधून तिसरा हात आला.

तोच. नखांत हळद. तळवा वर.

हळदीचा आणि कापराचा वास एवढा दाटला की श्वास घेववेना. लहान हात जागच्या जागी थिजले होते.

"काका…" आतून आवाज आला, नुसता वाऱ्यासारखा. "माझ्यामागे… कोणी उभं आहे का?"

 माझ्या हातात तो सोन्याचा तुकडा होता. आणखी काही सुचलं नाही. तो मी त्या तळव्यावर ठेवला. माझं बोट तिथे लागलं. तळवा पुष्कराजासारखाच गार.

"चुकलो, बाईसाहेब," मी म्हणालो. "त्या दिवशी खोटं बोललो. लेकीला तिचं मिळालंय… आता काय पाहिजे?"

हात क्षणभर तसाच राहिला. मग तळवा तिरका झाला. सोनं घरंगळलं आणि तबकात पडलं, टण्ण… अंगावरची माशी झटकावी, तसं तिनं ते टाकलं. वळ असलेलं ते बोट एकदा ताठ झालं, त्याच्या कडेचा ओरखडा मला पुन्हा दिसला. मग हात आत गेला.

पडदा हलला नाही. कौशल्याताई जिथल्या तिथे बसून होत्या. त्यांचे दोन्ही लहान हात माझ्या समोर, फरशीला घट्ट धरून. आणि त्यांच्या मागून जोडवी निघाली. मी वाट पाहिली, काहीतरी म्हणेल. लेकीला तरी. 

टक्… टक्… टक्…

जिथून घोरण्याचा आवाज येत होता, त्या खोलीकडे.